दिवाळीची नानकटाई ते नाताळचा केक: ओव्हन लावायच्या आधी हवा बघा

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी आठ दिवस गल्लीतल्या बेकरीपुढे डब्यांची रांग लागायची. मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर, तूप सगळं घरून मोजून न्यायचं, बेकरीवाला ते मळून पत्र्यावर लावून भट्टीत सारणार आणि किलोवर भाजणावळ घेणार. डब्यावर आईनं नेलपॉलिशनं आडनाव लिहिलेलं असायचं कारण सगळ्यांचे डबे सारखेच, आणि तरी एकदा शेजारच्यांची नानकटाई आमच्याकडे आली होती, ती जरा जास्तच चांगली होती म्हणून आई दोन दिवस गप्प होती.

ती बेकरी आता नाही. मग मी ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन) घेतला, आईच्या वहीतलं माप काढलं आणि पहिल्याच दिवाळीत जे बनलं ते बघून चुलतभाऊ म्हणाला, 'ही कापून वाढायची का घडी घालून?' सगळ्या नानकटाया वितळून एकमेकींत गेल्या होत्या, ट्रेभर एकच चादर. माप बरोबर होतं, ओव्हनही बरोबर होता, पण दुपारी तीन वाजता ऑक्टोबर हीटमध्ये ओट्यावर ठेवलेलं तूप अर्धं पातळ झालं होतं आणि मी तेच घेतलं. तेव्हापासून मी पहिलं बाहेरची हवा बघतो आणि मगच वही उघडतो. दिवाळीत दुपारी ३२-३३ डिग्री असतं आणि नाताळात पुण्यात पहाटे १०-१२, त्यामुळे एकच कृती दोन महिन्यांत दोन वेगळ्या तऱ्हेनं वागते, ते लक्षात आलं की अर्ध्या भानगडी मिटतात.

तर आधी नानकटाई, कारण फराळात तिचाच नंबर पहिला. मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, खाण्याचा सोडा अगदी चिमूटभर, मीठ चिमूटभर, वेलदोडा आणि थोडं जायफळ. यात साधारण २२ होतात. वाटीनं मोजलं तरी जमतं पण मैदा वाटीत दाबून भरला की सहज वीस-तीस ग्रॅम जास्त जातो, म्हणून किचनमध्ये डिजिटल काटा ठेवा, ओव्हनपेक्षा तो आधी घ्या असं मी तर म्हणेन. पिठीसाखर घरी मिक्सरवर काढली तर चाळून घ्या, कण राहिले की ते भाजताना वितळतात आणि नानकटाई पसरते. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं, चालते, पण मला घरचीच आवडते.

आता तूप. थिजलेलं, रवाळ, बोट घातलं तर खड्डा राहील असं पाहिजे. पातळ असेल तर वाटी फ्रीजमध्ये ठेवा, दहा मिनिटांनी बाहेर काढून ढवळा, परत ठेवा, पण दगड होऊ देऊ नका. मग तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळव्यानं फेसायचं. पिवळं तूप पांढरं आणि हलकं होईपर्यंत, हातानं सात-आठ मिनिटं लागतात, इथं कंटाळा केला की नानकटाई दडस होते कारण खुसखुशीतपणा येतो तो या फेसण्यात आत गेलेल्या हवेमुळे. आणि हात गरम असतात बरं का, ऑक्टोबरात फेसता फेसताच तूप पाघळायला लागलं तर सरळ परात पाच मिनिटं फ्रीजमध्ये. मी आता दिवाळीत नानकटाई सकाळी सहा-सातला करतो, तोवर ओटा गार असतो.

मैदा, बेसन, सोडा, पावडर एकत्र दोनदा चाळून त्यात घाला, रवा चाळणीत राहतो म्हणून तो नंतर वरून टाका, आणि मग मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. कणकेसारखं मळलं की मैद्याला चिवटपणा येतो. गोळा कोरडा वाटला तर दूध नको, अर्धा चमचा तूप घाला. २० ग्रॅमचे गोळे करून किंचित चपटे करा, वर पिस्त्याचा काप, आणि मधे दोन बोटं जागा सोडून ट्रेवर लावून ट्रेसकट २० मिनिटं फ्रीजमध्ये. ही पायरी दिवाळीत गाळू नका. नानकटाई डिसेंबरात केली तर ही पायरी गाळली तरी चालते, गोळे बाहेरच कडक राहतात.

तोवर ओव्हन १६० डिग्रीवर, दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं तापू द्या. ओटीजीचा लाल दिवा गेला म्हणजे आत १६० झालं असं समजू नका, माझा ओव्हन तब्बल वीस डिग्री जास्त दाखवतो हे मला आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणल्यावर कळलं, तोवर मी दोन वर्षं कृतीला शिव्या घालत होतो. मधल्या कप्प्यात १८ ते २२ मिनिटं. वरून रंग फारसा येत नाही, वरून लाल होईपर्यंत थांबलात तर खालून जळलेली असते, म्हणून एक उलटून बघा, बूड फिकट बदामी झालं की काढा. काढताना मऊ असते, बोटानं दबते, घाबरून परत आत ढकलू नका! ट्रेवरच दहा मिनिटं ठेवा, गार होताना आपोआप कडक होते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, नाहीतर वाफ धरून दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

आणि ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हे वाचून सोडून देऊ नका. जुनी जाड बुडाची कढई किंवा कुकर घ्या, तळाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर स्टँड किंवा उपडी ताटली, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. कुकर असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं, पाणी अजिबात नाही. मग ताटलीत नानकटाई लावून आत, गॅस बारीक, २५ मिनिटं. एका वेळी सहा-सातच होतात आणि वरून अगदीच पांढऱ्या राहतात पण चव तीच. नॉनस्टिक कढई मात्र यासाठी वापरू नका, रिकामी तापवली की कोटिंगची वाट लागते. ते मीठ डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी परत वापरता येतं, फक्त भाजीत घालू नका. मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शन मोड (गरम हवेनं भाजायची सोय) आहे का ते आधी बघा, नुसत्या मायक्रोवेव्हवर नानकटाई भाजत नाही, उकडल्यासारखी होते.

रव्याचा केक. आमच्याकडे दिवाळीत अंडं चालत नाही, त्यामुळे हा पाडव्याला ठरलेला, आणि यात फार काही चुकत नाही म्हणून पहिला केक हाच करा. बारीक रवा २०० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, पातळ तूप ८० ग्रॅम (इथं पातळच पाहिजे, नानकटाईच्या उलट), दूध अर्धा कप, सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा. रवा दूध पिऊन फुगतो, परत दोन-चार चमचे दूध लागेल, इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल ठेवा. ओव्हन १८० वर तापला, सात इंची डब्याला तूप लावून झालं, की मगच बेकिंग पावडर १ चमचा आणि सोडा अर्धा चमचा घाला, कारण सोडा दह्याला लागला की लगेच फसफसतो आणि तुम्ही डबा शोधत बसलात तर तो बाहेरच फसफसून संपतो, केक बसका होतो. टूटीफ्रूटी कोरड्या मैद्यात घोळवून टाका म्हणजे खाली बसणार नाही. ३५ ते ४० मिनिटं, सुरी घालून बघा, कोरडी आली की झालं. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, पोरं काचेला नाक लावून बसतात तेवढं बसू द्या.

गोव्यात नाताळात करतात तो बाथ याच्याच जातीचा पण फार श्रीमंत, रवा, ओला नारळ, लोणी आणि अंडी, आणि पीठ कालवून कित्येक घरी रात्रभर ठेवतात. खोबऱ्याचा ओलावा रव्यात मुरतो आणि केक आतून एकदम रसदार होतो. आपल्या रव्याच्या केकमध्येसुद्धा अर्धी वाटी ओलं खोबरं घालून बघा, फक्त मग तो दोन दिवसांत संपवा नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

आता पाव. पाव हा शब्दच पोर्तुगीज, त्यांचा पांव, आणि गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरायचे. आपल्याला सूर कुठली, आपण इन्स्टंट ईस्ट घेऊ. मैदा ३०० ग्रॅम, कोमट दूध-पाणी मिळून २०० ग्रॅम, ईस्ट १ चमचा, साखर १ मोठा चमचा, मीठ १ चमचा, लोणी २५ ग्रॅम. कोमट म्हणजे करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, चटका बसला तर ईस्ट मेलं म्हणून समजा. पाकिटावर ॲक्टिव्ह ड्राय लिहिलं असेल तर आधी कोमट पाण्यात साखर घालून दहा मिनिटं ठेवा, वर फेस आला नाही तर पाकीट टाकून द्या, तेच पीठात ढकलून चमत्काराची वाट बघू नका.

पीठ सुरुवातीला भयंकर चिकटतं. तिथंच लोक मूठ मूठ मैदा टाकत जातात आणि मग पावाचा दगड होतो. टाकू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ओट्यावर आपटत, ताणत, परत घडी घालत १२ ते १५ मिनिटं मळा, लोणी शेवटी. छोटा तुकडा बोटांनी ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला की थांबा. नानकटाईत जो चिवटपणा नको होता तोच इथं पाहिजे, तोच हवा धरून ठेवतो.

मग फुगवायला. कृतीत एक तास लिहिलेलं असतं आणि लोक घड्याळ लावतात. दिवाळीच्या उकाड्यात ४० मिनिटांत दुप्पट होतं, दीड तास विसरलात तर आंबूस वास येऊन खाली बसतं. डिसेंबरात तेच पीठ दोन तास झाले तरी ढिम्म. तेव्हा बंद ओव्हनमध्ये पातेलं ठेवा आणि शेजारी गरम पाण्याचा तांब्या, किंवा नुसता ओव्हनचा दिवा चालू. पिठात बोट दाबून बघा, खड्डा हळूहळू अर्धवट भरला तर तयार, झटकन वर आला तर अजून वेळ आहे.

हवा काढून ६० ग्रॅमचे नऊ गोळे, आठ इंची चौकोनी डब्यात तीन बाय तीन लावा, एकमेकांना जेमतेम टेकतील असे, कारण लादीपावाच्या बाजू मऊ राहतात त्या शेजाऱ्याला चिकटल्यामुळेच. परत फुगू द्या, दूध लावा, २०० डिग्रीवर १८ ते २० मिनिटं. काढल्या काढल्या लोणी फासा आणि ओलं फडकं पिळून पाच मिनिटं झाकून ठेवा, साल मऊ होते. गरम गरम फाडू नका म्हणतात, आमच्याकडे चार तरी तिथंच जातात.

राहिला नाताळचा फ्रूट केक. तो करायचा असेल तर तयारी दिवाळीचे डबे धुऊन झाले की लगेच. काळ्या मनुका, बेदाणे, खजुराचे तुकडे, पाकात मुरवलेली संत्र्याची साल, टूटीफ्रूटी असं मिळून ३०० ग्रॅम, काचेच्या बरणीत रममध्ये बुडवून ठेवा, आठवड्यातून एकदा बरणी हलवा. रम नको असेल तर संत्र्याच्या रसात, पण मग महिनाभर नाही, फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच, नाहीतर आंबतं. काळपट रंग कोको घालून आणू नका, १०० ग्रॅम साखर कोरडीच जाड पातेल्यात जाळा, गडद तपकिरी झाली की गॅस बंद आणि अर्धा कप उकळतं पाणी लांबून ओता, जोरात उडतं, पोरांना लांब ठेवा.

१२० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम साखर फेटा, तीन अंडी एकेक करून घाला, १५० ग्रॅम मैदा आणि १ चमचा बेकिंग पावडर चाळून, दालचिनी-लवंग-जायफळाची पूड, गार झालेला जळका पाक चार मोठे चमचे, आणि निथळून मैद्यात घोळवलेली फळं. डिसेंबरात अंडी फ्रीजमधून तासभर आधी काढा, गार अंडं पडलं की फेटलेलं लोणी फाटल्यासारखं होतं (झालंच तर चमचाभर मैदा टाकून फेटा, सावरतं). लोणी मात्र या दिवसात बाहेर ठेवूनही दगड असतं, तेव्हा तुकडे करून ओव्हनच्या वर ठेवा, वितळवू नका. सात इंची डब्याला आतून दुहेरी कागद, १६० डिग्री, तासभर तरी, वरून लाल व्हायला लागला तर फॉइलचं झाकण.

हा केक २५ तारखेला करू नका, पाच-सहा दिवस आधी करून, वर चमचाभर रम शिंपडून, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा, आणि डबा अशा ठिकाणी ठेवा जिथं घरातले हात पोचणार नाहीत. आमच्याकडे तो पिठाच्या डब्यामागे असतो आणि तरी दर वर्षी एका कोपऱ्यातून कमी झालेला असतो.