प्राथमिक शिक्षणाची पदवी घेताना या चुका टाळा : ‘पहिली-दुसरीचे तर आपल्याला येतेच’

प्राथमिक शिक्षक होण्यासाठी पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच समजूत असते : पहिली ते पाचवीचे सारे आपण लहानपणीच शिकून झालो आहोत, आता शिकवण्याच्या पद्धती तेवढ्या पाठ केल्या की झाले. सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या या विद्यार्थ्यांचे, सरावपाठ पाहताना ही समजूत मला वारंवार दिसली आहे. अभ्यासू, कष्टाळू मुलामुलींचेही पाठ तिच्यामुळे फसतात, म्हणून हे लिहावेसे वाटले.

प्रवेशाच्या वेळची चूक आधी सांगतो, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. बी.एड. केले की कोणत्याही इयत्तेवर शिकवता येते, असे अनेक घरांत आजही धरून चालतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2018 मध्ये बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात ती वाट बंद केली. या इयत्तांसाठी दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका किंवा चार वर्षांची बी.एल.एड. पदवी हे सरळ मार्ग आहेत. नव्या चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी आपली पदवी शालेय शिक्षणाच्या कोणत्या टप्प्यासाठी आहे, हे अर्ज भरण्यापूर्वीच तपासावे आणि महाविद्यालयाकडे परिषदेच्या मान्यतेचे पत्र निःसंकोच मागावे.

गणित येते, पण सांगता येत नाही

दुसरीच्या वर्गात ‘सत्तावीस’ सांगितले की काही मुले 72 लिहितात. छात्राध्यापक त्यावर फुली मारतो, फळ्यावर 27 लिहून दाखवतो आणि पुढे जातो. मुलाने मात्र ऐकले ते अगदी बरोबर लिहिलेले असते : मराठीत या संख्येच्या नावात सात आधी येतात आणि वीस नंतर, तर अंकात दोन आधी लिहायचे असतात. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरातून येणारे मूल घरी ‘इरवै एडु’ ऐकते आणि अक्कलकोटकडचे कन्नड भाषक मूल ‘इप्पत्तेळु’. दोन्ही भाषांत वीस आधी आणि सात नंतर, म्हणजे अंकांच्याच क्रमाने. या मुलांना मराठी संख्यानामे उलटी वाटली तर दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत दिली तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घ्या, पण अडचण खरी आहे हे प्रत्येक छात्राध्यापकाला ठाऊक असायला हवे.

उपाय साधा आहे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून घ्यावेत, मुलाने दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या स्वतः मांडाव्यात, ‘दोन दशक सात एकक’ असे म्हणावे, मग ‘सत्तावीस’ म्हणावे आणि सर्वांत शेवटी लिहावे. हा क्रम बदलू नये.

वजाबाकीतही तेच. 53 मधून 27 वजा करताना मूल 34 उत्तर काढते, कारण तीनातून सात जात नाहीत म्हणून ते सातातून तीन वजा करते. ‘हातचा घे’ असे ओरडून सांगितल्याने ही चूक जात नाही. पाचातला एक गठ्ठा सोडला की चार दशक आणि तेरा एकक होतात, हे मुलाच्या हातांना कळले की 26 हे उत्तर त्याला आपोआप पटते. पदवीच्या पहिल्याच वर्षी एक वेगळी वही करावी आणि मुलांची प्रत्यक्ष चुकीची उत्तरे, शेजारी त्यामागचा संभाव्य विचार, अशी नोंद तिच्यात ठेवावी. माझ्या मते छापील गाइडपेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते, आणि शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरातील बालमानसशास्त्र व गणित या प्रत्येकी 30 गुणांच्या विभागांनाही तिचाच आधार होतो.

उसने टाचण

मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, उतरवून घेण्याची पद्धत इतकी रुळली आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात ‘विद्यार्थ्यांना संख्यांचे ज्ञान आहे’ हे एकच वाक्य वर्षानुवर्षे फिरत राहते, आणि कोणत्या विद्यार्थ्यांना कोणत्या संख्यांचे, हे कोणी विचारत नाही. पाठाच्या आदल्या दिवशी त्या वर्गातील पाच मुलांशी दहा मिनिटे बोलावे आणि जे कळेल तेच त्या रकान्यात लिहावे. उद्दिष्टात ‘समजून घेतील’ असे लिहिले तर ते घडले की नाही हे पाहता येत नाही, तर ‘गठ्ठे मांडून संख्या लिहितील’ असे लिहिले की दिसते.

भाषेच्या पाठातही हीच काळजी हवी. ‘माझा पुस्तक’ म्हणणारे मूल निष्काळजी नसते. कन्नड किंवा तेलुगूत निर्जीव वस्तूंना मराठीसारखे वेगवेगळे लिंग नसते, त्यामुळे खुर्ची ‘ती’ आणि दगड ‘तो’ का, हे त्याला एकेका शब्दासाठी वेगळे शिकावे लागते. अशा मुलाला सर्वांसमोर थांबवून दुरुस्त करू नये. आपल्या उत्तरात ‘हो, तुझं पुस्तक’ असे सहज म्हणावे आणि ते त्याच्या कानावर पुन्हा पुन्हा पडू द्यावे.

मानसशास्त्राच्या पेपरासाठी मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या विचारविकासाच्या अवस्था पाठ करणाऱ्यांना एक विनंती आहे. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलासमोर चिंचोक्यांच्या सारख्या संख्येच्या दोन ओळी मांडा, एक ओळ पसरून लांब करा आणि कोणत्या ओळीत जास्त आहेत ते विचारा. ते बहुधा लांब ओळ दाखवेल. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला त्या वयाच्या अवस्थेची व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही.

थर्माकोलच्या देखण्या प्रतिकृतींवर रात्री जागवू नयेत. ज्या साहित्याला मुलांचा हात लागत नाही, ते साहित्य पाठाच्या कामाचे नाही.

आंतरवासितेतील रिकामे दिवस

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष काम शिकण्याच्या काळात, किमान 90 टक्के उपस्थिती लागते. सही झाली की काम झाले, असे समजून अनेक जण शिक्षकांच्या खोलीत वह्या पूर्ण करत बसतात. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे 60 पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली ते चौथीच्या लहान शाळेत एकाच शिक्षकाला दोन इयत्ता एका वेळी सांभाळाव्या लागतात. सरावपाठ मात्र एकाच इयत्तेचा, तीस-पस्तीस मिनिटांचा आणि निरीक्षकासमोर गप्प बसलेल्या वर्गाचा असतो. म्हणून आंतरवासितेत मार्गदर्शक शिक्षकांकडून असा दोन इयत्तांचा जोडवर्ग मागून घ्यावा आणि एका गटाला पंधरा मिनिटे शिक्षकाविना चालेल असे काम देऊन दुसऱ्या गटाला शिकवून पाहावे. पहिल्या दिवशी गोंधळ होईलच.

पाठ फसला तर नवे टाचण लिहायला लगेच बसू नये. कोणत्या प्रश्नानंतर वर्ग गप्प झाला, कोणत्या मुलाने अनपेक्षित उत्तर दिले आणि आपण ते ऐकले की टाळले, एवढे त्याच दिवशी लिहून काढावे. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांकडे दहा मिनिटे मागून घ्यावीत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा.