फॉस्फो-ईआरकेचा बँड हरवतो तो जेलच्या आधीच

कर्करोगाच्या पेशींत वाढीचा संदेश वाहतोय का, हे पाहण्यासाठी फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे फॉस्फेट लागून जागं झालेल्या ईआरके या प्रथिनाचा, वेस्टर्न ब्लॉट करतात (प्रथिनं जेलवर वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत). बँड दिसला नाही की लगेच अँटीबॉडीवर संशय जातो. पण बहुतेक वेळा पेशी फोडतानाच फॉस्फेट निघून गेलेला असतो.

हेला या कर्करोगाच्या पेशींनी प्लेट ७०-८० टक्के भरली की १६ तास सीरमविना ठेवा. वाढीचा संदेश पुढे नेणारं केआरएएस जनुक बिघडलेल्या पेशींत एवढ्यानेही सिग्नल पुरता उतरत नाही. ती तुमची चूक नव्हे, तो त्या पेशींचा आजारच आहे. मग १०० नॅनोग्रॅम प्रति मिली ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन), ३७ अंशांवर ५ मिनिटं. मीडियम बदलू नका, ईजीएफचे थोडेसेच मायक्रोलिटर आहे त्या मीडियममध्ये सोडा. नुसत्या मीडियम बदलण्यानेही ईआरके जागं होतं आणि ईजीएफ न दिलेली लेनही काळी येते. एका प्लेटला १ तास आधी १० मायक्रोमोलर यू०१२६ (ईआरकेला फॉस्फेट लावणारं मेक हे एन्झाइम अडवणारं रसायन) द्या, बाकीच्यांना तेवढंच डीएमएसओ (त्याचं द्रावक). यू०१२६ ने बँड गेला, तरच तो खरा.

वेळ झाली की प्लेट थेट बर्फावर. ट्रिप्सिन नको, स्क्रेपरच वापरा. पेशी फोडायच्या रिपा बफरमध्ये प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमना अडवणारं), १० मिलिमोलर सोडियम फ्लुओराइड आणि १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट हवं. फॉस्फेट थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ अशा दोन जागी असतो. फॉस्फेट काढून टाकणाऱ्या फॉस्फटेज एन्झाइमपासून पहिल्याला फ्लुओराइड राखतं, दुसऱ्याला व्हॅनाडेट. रिपात ईडीटीए (धातू बांधणारं रसायन) नसलेलं बरं, ते व्हॅनाडेटला बांधून टाकतं.

व्हॅनाडेट नीट बनवणं फार महत्त्वाचं. पीएच १० ला आणलं की द्रावण पिवळं दिसतं. ते रंगहीन होईपर्यंत उकळा, गार करा, पीएच पुन्हा पाहा. पिवळेपणा परतला तर पुन्हा उकळा. पीएच १० ला पाण्यासारखं राहिलं की झालं. पिवळं द्रावण तसंच वापरलं तर फॉस्फटेज नीट अडत नाहीत.

पुढचं नेहमीचंच: ४ अंशांवर १४,००० जी ला १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, प्रत्येक लेनला २० मायक्रोग्रॅम प्रथिन, १० टक्के जेल. ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा झाकायला) दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, कारण दुधातल्या केसीनवर स्वतःचेच फॉस्फेट असतात. ४४ आणि ४२ किलोडाल्टनला दोन बँड यायला हवेत.

एकूण ईआरकेसाठी (फॉस्फेट असो वा नसो) तोच नमुना दुसऱ्या जेलवर चालवा. मेम्ब्रेन स्ट्रिप करताना, म्हणजे आधीची अँटीबॉडी काढताना, थोडं प्रथिनही धुऊन जातं.