कळलावी लावताना या चुका टाळा

पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळांसारखी फुललेली कळलावी पाऊस सरल्यावर पिवळी पडून वाळते आणि वेल मेली असे समजून अनेक जण कुंडी रिकामी करतात. ही वेल बहुवर्षायू आहे. दरवर्षी वाळतो तो केवळ जमिनीवरचा भाग, मातीतला कंद मात्र जिवंत असतो. वेलीला जीव यावा म्हणून या काळात पाणी घालत राहणे ही त्याहून घातक चूक आहे, कारण सुप्त कंद ओलाव्याने कुजतो. पाने पिवळी पडू लागताच पाणी कमी करत न्यावे आणि जूनपर्यंत कुंडी कोरडी ठेवावी.

सर्वाधिक नुकसान कंद हाताळताना होते. तो काटकोनात वाकलेला, दोन फाट्यांचा असतो; नांगराशी असलेल्या याच साम्यामुळे संस्कृतात या वेलीला लांगली म्हणतात. बटाट्याला सर्वांगावर डोळे असतात, तसे येथे नाही. अंकुर फक्त फाट्याच्या टोकाला असतो आणि ते ठिसूळ टोक मोडले की उरलेला भाग बहुधा उगवत नाही. म्हणून कंदाचे मनाला येतील तसे तुकडे करू नयेत. तो आडवा, दोन-तीन इंच खोल लावावा.

आधारासाठी जाड बांबू रोवला तर वेल चढत नाही. कारल्याला फुटतात तसे हिला खोडावर स्वतंत्र तणावे फुटत नाहीत. पानाचेच टोक लांबून गुंडाळले जाते आणि त्या नाजूक टोकाला सुतळी, तार किंवा बारीक काटकीच पकडता येते.

फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या असतात आणि त्यांचा रंग हिरवट पिवळ्यापासून लालपर्यंत बदलत जातो. तो रोग नव्हे, फवारणी करू नये. फळे धरत नसतील तर फुलाची रचना पाहावी: कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, तळाशीच काटकोनात बाजूला वळलेला असल्याने त्याच फुलातले पराग कुक्षीपर्यंत, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या त्याच्या टोकापर्यंत, सहसा पोहोचत नाहीत. तमिळनाडूत बियांसाठी या वेलीची शेती करणारे शेतकरी हाताने परागीकरण करतात. गच्चीवर मऊ कुंचल्याने तेच करता येते.

कोकणात गौरीच्या पूजेत मान असलेली ही वेल संपूर्ण विषारी आहे. कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते, आणि कंद रताळे समजून खाल्ला गेल्यास मृत्यू ओढवू शकतो. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी होणाऱ्या वापरावरून हिला कळलावी हे नाव पडले असले, तरी तो प्रयोग कोणीही करू नये. हातमोजे घालूनच कंद काढावेत, नाव लिहिलेल्या डब्यात मुलांपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावेत, आणि चुकून पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.