चर्चच्या जुन्या नोंदवह्या पाहायला जाण्यापूर्वी

मुंबई इलाख्यातील अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथातील, चर्चांच्या नोंदींतून घराण्याचा शोध घ्यायला निघणाऱ्यास वही, पेन्सिल आणि ओळखपत्र यांविषयी वेगळे सांगायला नको. आपले कुटुंब खरोखर अँग्लिकन होते का, याची खात्री मात्र घरीच करून घ्यावी. नाशिकजवळच्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे काम होते, म्हणजे तेथील शोध योग्य वाटेवर आहे. पण अहमदनगरकडील पुष्कळ कुटुंबांचा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशन या अँग्लिकन नसलेल्या संस्थेत झालेला असल्यामुळे त्यांच्यासाठी अँग्लिकन वह्या उलटणे म्हणजे दिवस फुकट घालवणे होय.

आता मुख्य गोष्ट. उतरवलेल्या प्रत्येक नोंदीशेजारी खंड क्रमांक आणि पान क्रमांक लिहावा, आणि तोही नोंद उतरवण्यापूर्वी. मागच्या वेळी मी तीसएक नोंदी सुवाच्य अक्षरात उतरवून आणल्या आणि घरी पाहतो तर एकाच नावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे, एकाचा बाप शिक्षक, दुसऱ्याचा माळी. कोणती नोंद कोणत्या वहीतली, हे सांगायला काहीच खूण नाही. सगळे पुन्हा करावे लागले. पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच क्रमांक असेल, तर मागची बाजू असल्याचेही लिहावे. ज्या वर्षांत काहीच सापडले नाही, त्यांचेही खंड आणि पान लिहावे, नाहीतर तीच वर्षे पुन्हा चाळाल.

हाती आलेली वही मूळ आहे की नक्कल, हे विचारावे. मुंबईहून लंडनला पाठवलेल्या नकला १७०९ पासूनच्या असून ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. नक्कल करताना आडनावे बिघडतात, आणि मिशनच्या सगळ्याच नोंदी तिकडे गेल्या असतील असे धरून चालू नये. १७५२ पूर्वी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७२० ही तारीख आपल्या हिशेबाने १७२१ मधली असू शकते. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. प्रौढपणी बाप्तिस्मा झालेल्यांची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही नावे सोबत न्यावीत, आणि इंग्रजी स्पेलिंगचे तीन-चार प्रकारही.

लग्नाच्या नोंदीतले साक्षीदार उतरवावेत, बहुधा ते नात्यातले निघतात. दफनाच्या नोंदीतले वय अंदाजे समजावे. फोटोची परवानगी आधी मागावी. फोटोतही पान क्रमांक आला पाहिजे. कोपरा कापला गेला असेल तर पुन्हा काढावा.