लिनक्समध्ये प्रोसेसची प्रायॉरिटी बदलताय? या चुका टाळा

रात्री दोनचा बॅकअप सुरू झाला की आमच्या सर्व्हरवरची वेबसाइट रडायला लागायची. क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीच्या) ओळीत सुरुवातीलाच नाइस १९ लिहिलेलं होतं (नाइस म्हणजे प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, प्रायॉरिटी ठरवणारी कमांड; आकडा मायनस २० ते १९, जितका मोठा तितकी प्रायॉरिटी कमी), तेही मीच लिहिलेलं, त्यामुळे दोन आठवडे मी डेटाबेसवरच संशय घेत बसलो. शेवटी एका रात्री जागून टॉप (चालू प्रोसेसची यादी) उघडलं. फाइली एकत्र बांधणाऱ्या टारसमोर एनआयच्या (नाइसच्या) रकान्यात १९ होतं. आणि वरच्याच ओळीत फाइली दाबून लहान करणारी जीझिप, एनआय ०, सीपीयूचा अख्खा कोअर खाऊन बसलेली.

गडबड पाइपची होती, म्हणजे टारचं आउटपुट जीझिपला देणाऱ्या उभ्या रेघेची. नाइस लागतं ते पाइपच्या डावीकडच्या कमांडला. उजवीकडची प्रोसेस शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) स्वतः सुरू करतं, नेहमीच्या प्रायॉरिटीने. टारला सीपीयू लागतोच किती? मेहनत सगळी जीझिपची. ती पूर्ण ओळ एका स्क्रिप्टमध्ये टाकली आणि स्क्रिप्टला नाइस लावलं. नाइस व्हॅल्यू पोटच्या प्रोसेसना वारशाने मिळते, त्यामुळे दोघीही १९ वर आल्या.

दुसरी चूक समजुतीची. मायनस २० दिलं म्हणून प्रोग्रॅम जोरात पळत नाही. एका कोअरसाठी भांडण असेल तरच नाइसला अर्थ. कर्नल (लिनक्सचा गाभा) नाइसच्या प्रत्येक पायरीला वजन देतो: ० ला १०२४, १० ला ११०, १९ ला १५. म्हणजे ० आणि १९ अशा दोन भुकेल्या प्रोसेस एकाच कोअरवर आल्या, तर दुसरीला जेमतेम दीड टक्का मिळतो. पण कोअर रिकामा असेल तर तीच १९ वाली शंभर टक्के वापरते, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. दोन्हींना १० दिलं तर वाटणी पुन्हा निम्मी-निम्मी. सगळ्याच प्रोसेसना मायनस १० देऊन ठेवणारे लोक मी पाहिलेत. रांगेतल्या प्रत्येकाला व्हीआयपी पास वाटल्यासारखं आहे ते.

आता एक प्रकार असा, की आकडे बरोबर दिसतात आणि तरी फरक पडत नाही. दोन टर्मिनल उघडा, एकात १९ वर आणि दुसऱ्यात ० वर रिकामं लूप चालवा, दोन्ही एकाच कोअरला बांधा. ऑटोग्रुप (प्रत्येक सेशनच्या, म्हणजे इथे प्रत्येक टर्मिनलच्या, प्रोसेसचा वेगळा गट करणारी कर्नलची सोय) चालू असेल तर दोघांना जवळपास सारखाच वाटा मिळेल! २०११ मध्ये, २.६.३८ कर्नलपासून आलेल्या या सोयीत आधी सेशन-सेशनमध्ये वाटणी होते, आणि नाइस फक्त आपापल्या सेशनच्या आत चालतं. सिस्टमडीच्या (सर्व्हिसेस सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिसेसचंही तसंच: कंट्रोल ग्रुप (प्रोसेसचे गट) वेगळे असतील तर नाइसशी खेळत बसू नका, सीपीयूवेट (गटाचा सीपीयूतला वाटा ठरवणारं सेटिंग) बदला. त्याचा डीफॉल्ट १०० असतो.

रीनाइस करताना, म्हणजे चालू प्रोसेसचं नाइस बदलताना, थ्रेड (एकाच प्रोसेसमधली समांतर चालणारी कामं) विसरू नका. लिनक्समध्ये नाइस व्हॅल्यू थ्रेडगणिक असते. चालू प्रोसेसचा पीआयडी (क्रमांक) दिला की मुख्य थ्रेड बदलतो, आधीच जन्मलेले कामगार थ्रेड जुन्याच आकड्यावर राहतात. टॉपमध्ये मोठं एच दाबून खात्री करा.

किरकोळ पण चिडचिड करणारी गोष्ट: जुन्या पद्धतीने नाइसनंतर एक डॅश आणि १० लिहिलं, तर ते मायनस नसून अधिक १० असतं. एन हा पर्याय वापरा, घोळच नको. आणि सुडोने नाइस लावून प्रोग्रॅम सुरू केला, तर तो प्रोग्रॅमच रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून चालतो हे लक्षात असू द्या.

टॉपमधला डब्ल्यूए (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) चढलेला असेल तर प्रोसेस डिस्कची वाट पाहतेय. तिथे नाइस फारसं कामाचं नाही.

राहिलं रिअल-टाइम, म्हणजे नाइसच्याही वरची प्रायॉरिटी. सीएचआरटी कमांडने फिफो (आधी आला तो आधी) धोरण देणं म्हणजे खरी जोखीम. फिफोमधली १ प्रायॉरिटीची प्रोसेससुद्धा नाइस मायनस २० वालीच्या पुढे जाते आणि स्वतःहून थांबेपर्यंत, किंवा वरच्या प्रायॉरिटीचं कोणी येईपर्यंत, कोअर सोडत नाही. कर्नल डीफॉल्टने दर सेकंदातले ९,५०,००० मायक्रोसेकंदच रिअल-टाइमला देतो, म्हणून अडकलेल्या मशीनवर निदान गोगलगायीच्या गतीने टाइप करता येतं. या मर्यादेच्या सेटिंगमध्ये मायनस १ लिहून ती काढू नका. प्रयोग करायचाच असेल, तर आधी एक शेल त्याहून वरच्या प्रायॉरिटीवर उघडून ठेवा. किल द्यायला (अडकलेली प्रोसेस बंद करायला) हात मोकळा राहतो.

लॉकचंही (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या कुलपाचंही) बघा. १९९७ मध्ये मंगळावरचं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं: हवामानाच्या कमी प्रायॉरिटीच्या कामाने लॉक धरलेलं, वरच्या प्रायॉरिटीचं काम त्याच लॉकसाठी ताटकळलेलं, आणि मधल्या प्रायॉरिटीची कामं निवांत चाललेली. प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू केल्यावर ते थांबलं. लिनक्सच्या पीथ्रेड म्यूटेक्समध्ये (थ्रेडसाठीच्या लॉकमध्ये) ती आपोआप चालू नसते. म्यूटेक्स बनवतानाच सांगावी लागते.