छोट्या ऑफिससाठी टिकाऊ नेटवर्क लेझर प्रिंटर: घेण्याआधी काय तपासायचं

मॉडेलची नावं बघण्याआधी महिन्याला किती पानं छापता ते मोजा. सोपा हिशोब म्हणजे गेल्या तीन महिन्यांत किती रिमा संपल्या ते बघायचं. एक रीम ५०० पानांची. दोन्ही बाजूंनी छापत असाल तर ती १,००० धरा, कारण मशीनची झीज छापलेल्या बाजूंवर ठरते.

हा आकडा हाताशी असला की माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांचा अर्थ लागतो. 'मासिक ड्युटी सायकल' हा आकडा मोठा असतो आणि ठळक छापलेला असतो. मशीन एखाद्या महिन्यात जास्तीत जास्त किती ताण सोसेल याची ती कमाल मर्यादा आहे, रोजच्या कामाचा आकडा नव्हे. तुम्हाला हवा तो 'शिफारस केलेला मासिक व्हॉल्यूम', आणि तो पत्रकात शोधावा लागतो. ड्युटी सायकल ८०,००० लिहिलेल्या मशीनचा शिफारस केलेला व्हॉल्यूम जेमतेम ४,००० पर्यंत असू शकतो. तुमची महिन्याची पानं या दुसऱ्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास असली तर मशीन आरामात चालेल. मिनिटाला ३० पानं की ४० यावर फार डोकं खपवू नका. ऑफिसातली बरीच कामं एक-दोन पानांची असतात. तिथे झोपेतून (स्लीप मोडमधून) उठून पहिलं पान किती सेकंदांत बाहेर येतं हेच जाणवतं.

टिकाऊपणा खरा ठरतो तो झिजणाऱ्या भागांवर. टोनर (छपाईची पूड), ड्रम (ती पूड कागदावर उमटवणारा गोल दंड), फ्यूझर (पूड तापवून कागदावर पक्की करणारा भाग), पिकअप रोलर (कागद उचलणारा) आणि सेपरेशन पॅड (एका वेळी एकच पान सोडणारं) हे सगळे कधी ना कधी बदलावे लागतात. ते सुटे मिळतात का आणि केवढ्याला, हे मशीनच्या किमतीआधी विचारा. फ्यूझर सुटा मिळत नसेल तर तो गेला की अख्खा प्रिंटर भंगारात जातो.

ड्रमच्या दोन पद्धती आहेत. एचपी आणि कॅननच्या अनेक छोट्या मशीनमध्ये टोनर आणि ड्रम एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. प्रत्येक टोनरबरोबर नवा ड्रम येतो, त्यामुळे छपाईचा दर्जा टिकतो, पण पानामागे खर्च जास्त. ब्रदरच्या मशीनमध्ये ड्रम वेगळा असतो. बरेच टोनर संपेपर्यंत तो चालतो. क्योसेराच्या इकोसिस मालिकेतले ड्रम जास्त टिकाऊ असतात आणि त्यांच्या छोट्या मॉडेलमध्येही ड्रमचं आयुष्य १,००,००० पानांच्या घरात सांगितलेलं असतं. महिन्याला दोन-तीन हजार पानं छापणाऱ्या ऑफिसला आम्ही वेगळा ड्रमच सुचवू. तीनशे पानं छापणाऱ्याने एकत्र कार्ट्रिज घेतलं तरी बिघडत नाही, उलट देखभाल कमी.

पानामागचा खर्च काढताना टोनरची किंमत भागिले त्याची पानं, अधिक ड्रमची किंमत भागिले त्याची पानं, इतकंच करायचं. काळ्या टोनरच्या पानांचा आकडा आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकानुसार दिलेला असेल तरच दोन मॉडेलची तुलना करा. त्या चाचणीच्या पानावर साधारण ५ टक्के भागच काळा असतो. तुमच्या बिलांवर गडद पट्टे आणि मोठा लोगो असेल तर १० टक्के सहज भरतात, आणि मग ३,००० पानांचा टोनर १,५०० पानांत संपतो. ड्रमचंही असंच. दर वेळी एकच पान छापलं तरी आधी आणि नंतर ड्रमचे जास्तीचे फेरे होतात, त्यामुळे सुट्या पानांच्या कामात तो लवकर झिजतो. खोक्यातला टोनर बहुधा 'स्टार्टर' असतो, म्हणजे पूर्ण भरलेला नसतो. तो किती पानांचा आहे हेही विचारा.

टोनरवरची चिप हा वेगळा मुद्दा. काही मॉडेल फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज नाकारतात. एचपी प्लस योजनेत नोंदवलेल्या प्रिंटरला तर सतत इंटरनेट आणि कंपनीचाच टोनर लागतो. रिफिल किंवा सुसंगत टोनर वापरायचा विचार असेल तर अशी मॉडेल टाळलेली बरी.

आता प्रिंटर समजतो ती भाषा. पीसीएल ६ किंवा पोस्टस्क्रिप्ट ३ असेल तर कंपनीचा खास ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर वापरता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) नसला तरी काम भागतं. स्वस्त मशीन बऱ्याचदा 'होस्ट बेस्ड' असतात: पानाची सगळी आखणी संगणक करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. संगणकाची प्रणाली बदलली आणि कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नाही, की ठणठणीत मशीन निरुपयोगी होतं. त्याबरोबर एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी एखादं सामाईक छपाई मानक असलं तर ड्रायव्हरशिवायही छापता येतं, आणि विंडोज ११ मधला संरक्षित छपाईचा पर्याय मोप्रिया प्रमाणित प्रिंटरच स्वीकारतो.

नेटवर्कसाठी आमचं मत ठाम आहे: केबलचं इथरनेट पोर्ट असलेलंच मॉडेल घ्या. वायफाय जादा असलं तर असू द्या. अनेक छोट्या प्रिंटरचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि राऊटर किंवा पासवर्ड बदलला की दर वेळी जोडणी नव्याने करावी लागते.

जोडताना प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पेज छापा. त्यावर मॅक पत्ता (प्रिंटरच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) असतो. तो राऊटरच्या डीएचसीपी यादीत (राऊटर यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटतो ती यादी) घालून प्रिंटरसाठी एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता, राखून ठेवा. मग प्रत्येक विंडोज संगणकावर प्रिंटर जोडताना 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून तो पत्ता द्या (रॉ, पोर्ट ९१००). विंडोज स्वतःहून बऱ्याचदा डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधून केलेली जोडणी) लावतं, आणि प्रिंटर चालू असूनही 'ऑफलाइन' दिसण्यामागे अनेकदा तेच असतं. टीसीपी/आयपी पोर्ट लावूनही ऑफलाइन दिसत असेल तर पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची सोय) खूण काढून बघा. शेवटी ब्राउझरमध्ये आयपी पत्ता टाकून प्रिंटरचं वेबपेज उघडा, ॲडमिन पासवर्ड बदला, टेलनेट आणि एफटीपी या जुन्या जोडणीच्या सोयी बंद करा. राऊटरवरून प्रिंटरचं पोर्ट बाहेर इंटरनेटला उघडू नका.

स्कॅनरही हवा असेल तर नेटवर्क फोल्डरमध्ये स्कॅन करताना मशीन एसएमबी (विंडोजची फोल्डर शेअर करण्याची पद्धत) २ किंवा ३ वापरतं का ते पाहा. जुनी मशीन फक्त एसएमबी १ जाणतात, आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात बंद असतं.

फ्यूझर साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि तापताना प्रिंटर क्षणभर एक किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो. म्हणून संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लेझर प्रिंटर कधीही लावू नका. सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. फ्यूझरची पातळ फिल्म फाटते ती स्टेपलची पिन आत गेल्याने, लेझरसाठी नसलेली लेबलं छापल्याने किंवा अडकलेला कागद उलट्या दिशेने ओढल्याने. उघडी पडलेली रीम दमट होते, आणि तापल्यावर तो कागद वळून अडकतो. उरलेली पानं वेष्टनात गुंडाळून ठेवा.

वापरलेला प्रिंटर घेत असाल तर आधी युसेज पेज छापून एकूण पानं बघा. मग एक कोरं पान, एक पूर्ण काळं पान आणि २० पानं दोन्ही बाजूंनी छापा. डाग ठरावीक अंतराने परत उमटत असेल तर पट्टीने अंतर मोजा: सुमारे ७५ मिलिमीटर म्हणजे २४ मिलिमीटर व्यासाचा ड्रम, सुमारे ९४ म्हणजे ३० मिलिमीटरचा. हा दोष ड्रम बदलून जातो. अंगठ्याने घासल्यावर टोनर निघत असेल तर आधी ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार तपासा. तो बरोबर असेल तर फ्यूझर नीट तापत नाही. दोन पानं एकदम ओढली जात असतील तर सेपरेशन पॅड झिजलंय, आणि पान उचललंच जात नसेल तर पिकअप रोलर. हे दोन्ही स्वस्तात बदलतात, त्यासाठी चांगलं मशीन सोडू नका. फ्यूझर मात्र नवा मिळतो का याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका.