जर्मनीत सुट्टे पैसे घेताना: कुठलं नाणं चालतं, कुठलं नाही

नवीन आलेल्या मंडळींचा पहिल्या आठवड्यातला गोंधळ ठरलेला असतो. बेकरीत ब्रेड घेतला, मोड हातात आली आणि दोन ऑयरोच्या (म्हणजे युरोच्या) तीन नाण्यांवर तीन वेगळी चित्रं. एकावर गरुड, दुसऱ्यावर कुठला तरी राजा, तिसऱ्यावर वीणा. हे सगळं चालतं. ऑयरोच्या प्रत्येक नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी आणि दुसरी त्या त्या देशाची. वीणा आयर्लंडची, गरुड जर्मनीचा. क्रोएशियाची नाणी २०२३ पासून यात आहेत. मोनाको, सान मारिनो, व्हॅटिकन आणि अँडोरा यांचीही चालतात. जर्मन नाण्यावर साल आणि एक छोटं अक्षर दिसेल, ते टांकसाळीचं: A बर्लिन, D म्युनिक, F श्टुटगार्ट, G कार्ल्सरूह, J हांबुर्ग.

आकड्याच्या बाजूच्या नकाशातही फरक दिसतो. दहा सेंट ते दोन ऑयरोच्या जुन्या नाण्यांवर तेव्हाच्या पंधरा सदस्य देशांचा नकाशा आहे, २००७ पासूनच्या नव्या रचनेत अख्खा युरोप. दोन्ही खरी. दोन ऑयरोवर एखादं चर्च, पूल किंवा स्मारक असेल तर ते स्मारक-नाणं, तेही ऑयरोच्या सगळ्या देशांत चालतं. मात्र जर्मनीच्या ५, १०, २० ऑयरोच्या संग्राहक-नाण्यांचं तसं नाही. ती फक्त जर्मनीत वैध, फ्रान्समध्ये खपणार नाहीत.

खरी भानगड आहे ती ऑयरो नसलेल्या नाण्यांची. दोन ऑयरोचं नाणं २५.७५ मिमी व्यासाचं आणि ८.५ ग्रॅमचं: बाहेर चंदेरी कडं, आत सोनेरी चकती. ही रंगसंगती जगात पुष्कळ नाण्यांना आहे. थायलंडचे दहा बाट २६ मिमी, वजन तेच ८.५ ग्रॅम, रंगही तेच. किंमत मात्र पाव ऑयरोच्या आसपास. इटलीचे जुने ५०० लीरा २५.८ मिमी, पण ६.८ ग्रॅम, म्हणजे हातात हलके लागतात. ते कुठेच चालत नाहीत आणि बदलून मिळण्याची मुदतही २०११ मध्ये संपली. पोलंडच्या सीमेजवळ पाच झ्लॉटी दिसतात, २४ मिमीचे. त्यात निदान एका ऑयरोहून थोडं जास्त मोल आहे, पण इथल्या दुकानात ते घेणार नाहीत.

आपलं वीस रुपयांचं नाणंही याच जातीचं: चंदेरी कडं, सोनेरी मध्य, २७ मिमी, ८.५४ ग्रॅम. फक्त त्याला बारा कोन आहेत, त्यामुळे बोटांना कळतं. दहाचं उलट, बाहेर सोनेरी आणि आत चंदेरी, म्हणजे एक ऑयरोसारखं. पण एक ऑयरो २३.२५ मिमी आणि दहा रुपये २७, त्यामुळे शेजारी ठेवले की घोटाळा होत नाही. तरीही भारतातून आणलेली चिल्लर वेगळ्या डबीत ठेवा. एकाच पाकिटात ठेवलीत तर घाईत तुम्हीच कुणाला तरी चुकीचं नाणं द्याल, आणि काउंटरवरची बाई त्याला चूक म्हणेलच असं नाही.

तपासायला तीन गोष्टी पुरतात. आधी कड बघा. दोन ऑयरोच्या कडेवर बारीक दाते आणि त्यांवर कोरीव मजकूर असतो, जर्मन नाण्यावर EINIGKEIT UND RECHT UND FREIHEIT. दहा बाटच्या कडेला दाते तुकड्या-तुकड्यांत असतात, अक्षरं नाहीत. मग आकड्याची बाजू बघा: नकाशा आणि EURO हा शब्द नसेल तर ऑयरो नाही. जुन्या बाटवर राजाचा चेहरा आणि अरुण मंदिर दिसतं, राजा बघून बेल्जियमचा असेल असं समजू नका. शेवटी फ्रीजचा चुंबक: दोन ऑयरोची फक्त मधली चकती अगदी हलकी ओढली जाते. अख्खं नाणं चटकन चिकटलं, किंवा मध्य अजिबात ओढला गेला नाही, तर शंका घ्या. १, २, ५ सेंट स्टीलचे असल्याने घट्ट चिकटतात, १०, २० आणि ५० सेंट चिकटत नाहीत.

ही नाणी येतात कुठून? पर्यटकांकडून, जुन्या वस्तूंच्या बाजारातून, रात्रीच्या टपऱ्यांवरून, जिथे मोड न बघता हातावर ठेवली जाते. सुपरमार्केटमध्ये कमी, कारण गल्ल्यात वेगवेगळे कप्पे असतात आणि हिशेब रोज जुळवावा लागतो. म्हणून मोड काउंटरवरच बघा. चुकीचं नाणं दिसलं तर शांतपणे म्हणा, "एंटशुल्डिगुंग, दास इस्ट काइन ऑयरो" (माफ करा, हा ऑयरो नाही). बहुतेक जण लगेच बदलून देतात. दाराबाहेर पडल्यावर परत गेलात तर काही सिद्ध करता येत नाही.

नाणं बनावट वाटलं तर ते पुढे खपवू नका. ओळखूनही खपवणं गुन्हा आहे, तुम्हाला ते फसवून दिलेलं असलं तरी. पोलिसांकडे किंवा बँकेत द्या. मोबदला मिळत नाही, दोन ऑयरोंवर पाणी सोडायचं.

परदेशी नाणी बँका बहुधा बदलून देत नाहीत, नोटा तेवढ्या घेतात. विमानतळावरच्या दानपेट्या त्यासाठी बऱ्या, किंवा त्या देशाला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "हे नाणं लाखाचं" छाप निरोपांकडे लक्ष देऊ नका. ग्रीसच्या २००२ च्या दोन ऑयरोवर चांदणीत S दिसतो, म्हणून लोक भाव सांगत बसतात. ते फिनलंडमध्ये पाडलं म्हणून S आहे, आणि पाडली होती लाखोंनी. त्याची किंमत दोन ऑयरो. मोनाकोचं २००७ चं ग्रेस केलीचं नाणं मात्र खरोखर दुर्मीळ, जेमतेम वीस हजार निघाली होती. पण ते बेकरीच्या मोडीत यायची आशा धरू नका.

डॉइचे मार्क, म्हणजे ऑयरोआधीच्या जर्मन चलनाची जुनी नाणी मिळाली तर फेकू नका. एक मार्क २३.५ मिमीचा, जवळजवळ एक ऑयरोएवढा, पण सगळा एकाच रंगाचा. दुकानात चालणार नाही, पण बुंडेसबँकेच्या (जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या) शाखेत मुदतीशिवाय आणि शुल्काशिवाय बदलून मिळतो. दर ठरलेला: १.९५५८३ मार्कला एक ऑयरो. पाच मार्कच्या नाण्याचे २.५६ ऑयरो होतात.